काळ्या दगडातले उकळते पाणी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९७२ सालची गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होतो आणि राहायला गिरगावात, ठाकूरद्वारच्या एका चाळीत. जानेवारीत आमच्या वर्गाची सहल कांदिवलीच्या दगडखाणीत गेली. तेव्हाची कांदिवली म्हणजे ताडाची झाडे, तबेले आणि सुरुंगांचे आवाज. खाणीतून येताना मी पिशवीत एक दगड घालून आणला. काळ्या दगडाच्या पोकळीत बोटाच्या पेराएवढे पांढरट-गुलाबी स्फटिक दाटीने उभे होते. घरी तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. दुपारचे ऊन तिथे थेट येई आणि स्फटिक छान चमकत. शेजारीपाजारी येऊन बघून जात.

मे महिन्यात मी कोकणात गेलो. परत आलो तेव्हा कट्ट्यावर काळा दगड होता, पण स्फटिक नव्हते. त्यांच्या जागी भुसभुशीत पांढरी पूड पडली होती. आई म्हणाली, "हे बघ तुझं रत्न. आता केरसुणी लावू की आणखी काही दिवस पूजा करायची?"

जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर ती पूड पुडीत बांधून सरांकडे नेली. त्यांनी चिमूटभर बोटावर घेतली आणि हसले. "अरे, उन्हात ठेवला होतास ना? त्याच्यातलं पाणी गेलं. लॉमॉन्टाइट आहे तो."

दगडातले पाणी! मला वाटले, सर थट्टा करताहेत. पण त्या खनिजाच्या वजनात साधारण १५ टक्के पाणी असते. ते ओलाव्यासारखे वरवरचे नसते, स्फटिकाच्या रचनेतच बसलेले असते. हवा कोरडी झाली किंवा ऊन लागले की त्यातले थोडे निघून जाते, चौकट आकसते, तडे जातात आणि स्फटिकाचा भुगा होतो. १७८५ साली फ्रान्समध्ये ब्रिटनी प्रांतातल्या शिशाच्या खाणीत जिले द लॉमाँ यांना हे खनिज प्रथम सापडले. तेही असेच भुगा होणारे म्हणूनच ओळखले जाई. माझ्या फजितीला थोर परंपरा होती म्हणायची.

मग प्रश्न उरतो तो हा की, ते पाणी तिथे शिरले कधी आणि कसे? लाव्हा तर हजार-अकराशे अंश सेल्सियसचा. त्यातून घट्ट झालेल्या दगडात पाणी धरून बसणारे खनिज आले कुठून? आजचा माझा विषय तोच आहे.

मुंबई ज्या दगडावर बसली आहे तो काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, आपल्या परिचयाचा. चाळींची जोती त्याचीच, जुन्या रस्त्यांच्या कडा त्याच्याच, आणि पाटा-वरवंटाही त्याचाच. सह्याद्रीतले लाव्हाचे थर बहुतांश साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत. मुंबईची हकीकत थोडी निराळी. इथे लाव्हाचे खेळ जरा उशिरापर्यंत चालले. अंधेरीचा गिल्बर्ट हिल, तो खांबांचा उभा कडा, सर्वांनी लोकलमधून नाही तरी चित्रात पाहिला असेल. जमिनीखालून वर घुसलेल्या शिलारसाचा तो नमुना म्हणून सांगितला जातो. २००१ साली त्याचे वय मोजले गेले, ते निघाले सहा कोटी वर्षांच्या जवळपास. म्हणजे सह्याद्रीतले मुख्य थर निवून लाखो वर्षे झाल्यावर मुंबईच्या भागात पुन्हा नवा शिलारस खालून चढत होता. तो सगळाच पृष्ठभागावर पोचला नाही. बराचसा जुन्या थरांच्या भेगांत उभा घुसला, त्याच्या भिंती झाल्या. काही दोन थरांच्या मध्ये आडवा पसरला. घाटकोपर-पवईच्या बाजूला असे घुसलेले भरड दाण्याचे खडक आहेत. कोकणपट्टीत तर अशा काळ्या उभ्या भिंती मोजता येणार नाहीत इतक्या. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर सरळ रेषेत समुद्रात शिरणारी खडकाची रांग दिसली, तर ती बहुधा अशी भिंत असते.

आता कल्पना करा. जुने थर भेगाळलेले, त्यांत पाणी मुरलेले. कारण मुंबईच्या जागी तेव्हा उथळ पाण्याचे प्रदेश होते. वरळीच्या खडकातल्या, लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळाच्या पट्ट्यात लहानशा बेडकांचे जीवाश्म सापडले आणि १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन केले, ते याच कारणाने. मुंबईत काही ठिकाणी लाव्हा उशांच्या ढिगासारखा गोल गोल गोठलेला आहे. लाव्हा थेट पाण्यात शिरल्यावर तसे होते. अशा ओल्या, भेगाळ खडकात अकराशे अंशांचा शिलारस घुसला, तर पाण्याचे काय होईल?

तेच होईल जे आमटीच्या पातेल्यात होते. तळाशी तापलेले पाणी हलके होऊन वर येते, बाजूचे गार पाणी त्याच्या जागी सरकते, तेही तापते. चक्र सुरू होते. फरक इतकाच की इथले पातेले म्हणजे भेगांचे जाळे, आणि जाळ विझायला किती वेळ लागेल ते घुसलेल्या खडकाच्या जाडीवर अवलंबून. हा हिशोब मोठा मौजेचा आहे. जाडी दुप्पट झाली तर निवायला वेळ दुप्पट नाही, चौपट लागतो. एक मीटर जाडीची भिंत आठवड्या-दोन आठवड्यांत निवते. शंभर मीटर जाडीच्या खडकाला काही शतके लागतात. किलोमीटरभर जाडीचा असेल तर तीसेक हजार वर्षे. फिरते पाणी उष्णता वाहून नेते, म्हणून प्रत्यक्षात थोडे लवकर उरकते, पण अंदाज यायला एवढे पुरे. तेव्हा एखादी हातभर जाडीची भिंत पाहून "हिनेच सगळी खाण बदलली" असे म्हणणे बरोबर नाही. भोवतालचा खडक शिजायला मोठे चुलाण लागते, किंवा एकामागून एक पेटलेल्या पुष्कळ चुली.

शिजणे म्हणजे नेमके काय, ते आता पाहू. माझे मामा लालबागच्या एका गिरणीत बॉयलरवर होते. बंदच्या दिवशी बॉयलर उघडून नळ्यांच्या आत बसलेली पांढरी खपली खरवडायचे काम निघे. मामा म्हणत, "पाणी दिसायला स्वच्छ, पण पोटात दगड घेऊन येतं." खडकातल्या गरम पाण्याचेही तसेच, मात्र एका बाबतीत उलटे. बॉयलरमधला चुना पाणी तापल्यामुळे खाली बसतो. खडकातली सिलिका गरम पाण्यात जास्त विरघळते आणि पाणी निवले की बाहेर पडते. म्हणजे खपलीपेक्षा साखरेच्या पाकाचे उदाहरण अधिक जवळचे. गरम पाकात साखर मावते, पाक निवताना दोऱ्यावर खडीसाखर धरते.

बेसाल्ट मुख्यतः दोन खनिजांचा बनलेला असतो. एक फेल्स्पार, त्यात कॅल्शियम आणि थोडे सोडियम. दुसरे पायरोक्सीन, त्यात लोह, मॅग्नेशियम आणि पुन्हा कॅल्शियम. शिवाय झटकन गोठल्याने स्फटिक व्हायला वेळच न मिळालेली थोडी ज्वालामुखी काच. गरम पाणी आले की सर्वांत आधी ही काच शरण जाते. तिची हिरवट चिकणमाती होते. पायरोक्सीनचे क्लोराइट नावाचे हिरवे, मऊ खनिज होते. फेल्स्पारमध्ये तर सरळ अदलाबदल होते. पाण्यातले, विशेषतः खाऱ्या पाण्यातले, सोडियम आत शिरते आणि कॅल्शियम बाहेर पडते. बाहेरून पाहिले तर स्फटिकाचा आकार तोच. चाळीत खोलीच्या दारावरची पाटी तीच राहावी आणि आतले बिऱ्हाड बदललेले असावे, तसे. अशा सोडियमवाल्या, हिरवट झालेल्या बेसाल्टला स्पिलाइट म्हणतात. धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे प्रा. आर. एन. सुखेश्वाला यांनी मुंबईच्या खडकांवर आयुष्यभर काम केले. साधा बेसाल्ट पायरी-पायरीने स्पिलाइट कसा होत जातो, हे त्यांनी १९७४ साली मुंबईच्याच उदाहरणावरून मांडले.

फेल्स्पारमधून हाकललेले कॅल्शियम मग जाते कुठे? पाण्याबरोबर फिरत राहते आणि जागा मिळेल तिथे बसते. जागा भरपूर असते. लाव्हातून वायू निसटताना वरच्या भागात बुडबुडे राहतात, आंबोळीला जाळी पडते तशी. या जाळीत सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम आणि पाणी यांची नवी खनिजे वाढतात. त्यांतलेच झिओलाइट. हा शब्द स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी १७५६ साली बनवला. त्याचा अर्थ उकळणारा दगड. नळीने ज्योत फुंकून तापवल्यावर तो दगड फेसाळला, म्हणून हे नाव. आज आपल्या कपडे धुण्याच्या पावडरीत कारखान्यात बनवलेला झिओलाइट असतो. तो स्वतःचे सोडियम देतो आणि जड पाण्यातले कॅल्शियम घेतो. देवाणघेवाणीची सवय या घराण्यातलीच.

दगडाच्या जाळीतली खनिजे बाहेरून आत वाचायची असतात. पोकळीच्या कडेला चिकटलेला थर पहिला, मध्यभागी वाढलेला स्फटिक शेवटचा. माझ्या कांदिवलीच्या दगडात कडेला हिरवे अस्तर होते, त्यावर फिकट पोपटी, द्राक्षाच्या घडासारखे प्रेहनाइट आणि त्यावर लॉमॉन्टाइट. या क्रमात तापमानाची नोंद आहे. आइसलँडमध्ये उष्ण वाफेसाठी खोल छिद्रे घेतात, तेव्हा कोणते खनिज किती अंशांना आढळते हे थेट मोजता येते. ढोबळमानाने सांगायचे तर, स्टिल्बाइट-ह्यूलंडाइट असतील तर शंभर अंशांच्या आसपास किंवा खाली, लॉमॉन्टाइट असेल तर दीडशेच्या घरात, प्रेहनाइट असेल तर दोनशेच्या वर, आणि पिस्त्याच्या रंगाचे एपिडोट दिसले तर आणखी गरम. म्हणजे माझ्या दगडाचे पाणी आधी दोनशे अंशांच्या वर होते आणि मग हळूहळू निवत गेले. खोलीवर दाब असतो, म्हणून शंभर अंशांना त्याची वाफ झाली नाही.

जॉर्ज वॉकर या इंग्रज भूवैज्ञानिकाने १९६० च्या सुमारास पूर्व आइसलँडचे डोंगर पायी तुडवून झिओलाइटांचे पट्टे नकाशावर आखले. दूरवर ते पट्टे समपातळीत जातात, वर थंड खनिजे, खाली गरम. पण जिथे पुष्कळ शिलारस घुसलेला आहे अशा जुन्या ज्वालामुखीच्या गाभ्याजवळ गरम खनिजांचे पट्टे वर चढतात. तव्याच्या मधोमध भाकरी जास्त भाजावी तसे. आपल्याकडेही सुखेश्वाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली असे तीन पट्टे सुचवले: किनाऱ्याकडे लॉमॉन्टाइटचा, मग स्कोलेसाइटचा, आणि पठारावर ह्यूलंडाइटचा. पुण्या-नाशिककडून जगभरच्या संग्रहालयांत गेलेले स्टिल्बाइट आणि अपोफिलाइटचे देखणे नमुने या तिसऱ्या, थंड मुलखातले. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात ते मनसोक्त पाहता येतात. मुंबईचे नमुने तितके गोंडस नसतात. प्रेहनाइट, लॉमॉन्टाइट, काळे बॅबिंग्टोनाइट, कापसाच्या बोंडासारखे ओकेनाइट (त्याला बोट लावू नये, दबते ते दबतेच). पण हकीकत सांगण्यात मुंबईचा दगड सरस आहे, असे माझे पक्षपाती मत.

किनाऱ्याला जास्त उष्णता का मिळाली, यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, इथले थर अधिक खोल गाडले गेले होते म्हणून. दुसरा म्हणतो, इथे शिलारस जास्त घुसला म्हणून. मुंबईचे थर पश्चिमेकडे कलंडलेले आहेत, पनवेलपासून पुढे जमीन वाकलीच आहे. वाकलेल्या जागी भेगा आल्या, भेगांतून शिलारस आला आणि पाणीही आले. त्यामुळे दोन्ही कारणे एकमेकांत गुंतलेली. तरी मी दुसऱ्या पक्षाकडे झुकतो. नुसते गाडल्याने सगळा परिसर सारखा शिजायला हवा. पण एकाच खाणीच्या एका टोकाला हिरवा, कुजका दगड आणि दुसऱ्या टोकाला घणाने न फुटणारा काळा कुळकुळीत दगड मी स्वतः पाहिला आहे.

इथे एक गैरसमज दूर करतो. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम कुंडे आपल्या परिचयाची. ठाणे-पालघरपासून राजापूरपर्यंत कोकणात अशा झऱ्यांची रांग आहे. पाणी कुठे ३४ अंश, तर कुठे सत्तरच्या वर. पुष्कळांना वाटते की खाली अजून ज्वालामुखी धुमसतो आहे. तसे नाही. मुंबईचा शिलारस निवून कोट्यवधी वर्षे झाली. आजचे पाणी पावसाचेच आहे. भेगांतून खूप खोल जाते, तिथल्या नेहमीच्या भूगर्भीय उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. उष्णता निराळी, पण पाणी फिरण्याची रीत जुनीच. शिवाय ही कुंडे ज्या तानसा नदीकाठी आहेत, त्याच नदीवरच्या १८९२ सालच्या धरणाचे पाणी मुंबईच्या नळांना येते. गार पाणी दादर-परळला, गरम पाणी वज्रेश्वरीला!

जगात याच क्रियेने तांबे आणि सोने साठले. चिलीच्या तांब्याच्या अवाढव्य खाणी म्हणजे घुसलेल्या शिलारसाभोवती फिरलेल्या गरम, क्षारयुक्त पाण्याने मागे ठेवलेली ठेव. समुद्रतळावर १९७९ साली दिसलेली, साडेतीनशे अंशांचे काळे पाणी ओकणारी धुराडी हा त्याच क्रियेचा आज चालू असलेला प्रयोग. मुंबईला तांबे लाभले नाही. आपल्या वाट्याला आले ते हिरवी चिकणमाती आणि भुगा होणारे स्फटिक.

आणि तेच आपल्याला महागात पडू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. गिरगाव, वरळी, दादर यांच्या पोटातून आज गाड्या धावतात. बोगदा खणणाऱ्या यंत्रांना वाटेत सलग बेसाल्ट मिळाला, तसा लाव्हाच्या तुकड्यांचा गठ्ठाही मिळाला आणि ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगडही. असा तुकड्यांचा खडक जोडणारा चुना-सिमेंट म्हणजे पुष्कळदा झिओलाइटच. जमिनीखाली, ओलाव्यात, तो भक्कम असतो. तो उघडा पडून सुकला, पुन्हा भिजला, पुन्हा सुकला की लॉमॉन्टाइट भुगा होतो आणि चिकणमाती फुगते. म्हणून छिद्र घेऊन काढलेला खडकाचा दांडा त्या दिवशी अखंड दिसला म्हणून निश्चिंत होता येत नाही. तोच दांडा पेटीत महिनाभर ठेवून पुन्हा पाहावा लागतो. आफ्रिकेतल्या लेसोथो देशात १९९० च्या दशकात डोंगरांतून पाणी नेणारे लांबलचक बोगदे आपल्यासारख्याच बेसाल्टमधून खणले. उघडा पडलेला खडक अशाच खनिजांमुळे सुटू लागला, तेव्हा जिथे अस्तर लागणार नाही असे वाटले होते तिथेही काँक्रीटचे अस्तर द्यावे लागले. काँक्रीटमध्ये घालायच्या खडीचेही तेच. खडी काळी आहे एवढ्यावर भागत नाही, आतून ती किती शिजली आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. ही तपासणी स्वस्त आहे आणि सोपी आहे. कंटाळा मात्र फार येतो, हे मी तीस वर्षे ती करून सांगतो.

अडचण अशी की, हे सगळे डोळ्यांनी पाहून शिकावे अशा जागा संपत चालल्या. कुर्ला, मालाड, कांदिवली इथल्या जुन्या दगडखाणी भरून तिथे इमारती उभ्या राहिल्या. शहराच्या पोटात इमारती बांधायची सोय होते, विद्यार्थ्यांना दगड दाखवायची होत नाही. गिल्बर्ट हिलला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा मिळाला. तरी त्याच्या पायथ्याला वस्ती किती भिडली आहे, ते जाऊन बघावे. मेट्रोचे बोगदे खणताना पन्नास वर्षांत मिळाला नसता असा ताजा छेद गिरगावपासून दादरपर्यंत मिळाला होता. त्यावर काँक्रीट चढले, ते चढायलाच हवे होते. तिथून निघालेल्या दांड्यांचे नमुने कुठेतरी, कोरड्या फळीवर का होईना, क्रमाने लावून ठेवले जावेत एवढी माझी इच्छा आहे.

त्या जूनमध्ये सरांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली होती. पिशवीच्या तळाशी त्याच खाणीतला एक लहान तुकडा उरला होता. सर म्हणाले, "तो पाण्यात ठेव." लोणच्याची एक रिकामी बरणी आईकडून मागून घेतली, तुकडा आत टाकला आणि पाणी भरले. चाळ सोडून आम्ही दादरला आलो, बरणीही आली. स्फटिक अजून उभे आहेत. मी दर पावसाळ्यापूर्वी पाणी बदलतो.